पोट बिघडलेला मोत्या, सासूबाईंचे जायफळ आणि कपाटातली गोळी

वाचकाचे पत्र, संक्षेपाने

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एका शिक्षिकेने लिहिले आहे. त्यांच्याकडे ५ वर्षांचा, १६ किलो वजनाचा मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. यंदा त्याचे पोट दोनदा बिघडले. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब झाले, तेव्हा सासूबाईंनी ताकभात आणि सहाणेवर उगाळलेले जायफळ दिले आणि तो दोन दिवसांत बरा झाला. गौरी जेवल्या त्या रात्री त्याला पुन्हा जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंनी पुन्हा जायफळ दिले. तो पोट आखडून बसत होता, म्हणून पत्रलेखिकेने घरातली जुलाब थांबवण्याची गोळी आणि स्वतःची अंगदुखीची गोळी अर्धी अर्धी करून दिवसातून दोनदा, असे दोन दिवस दिले (‘डॉक्टरांना हे सांगितलेले नाही, ते रागावतील’). तिसऱ्या दिवशी त्याला काळी, चिकट शी झाली आणि तो जागचा उठेना. खासगी दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावावे लागले व ४,५०० रुपये खर्च आला. जायफळानेच बिघडले असे बोलून दाखवल्यामुळे सासूबाई दुखावल्या आहेत. पतींचे म्हणणे असे की पूर्वी कुत्र्यांना कोणी डॉक्टरकडे नेत नव्हते, ती गवत खाऊन बरी होत. आता घरात चिंगी नावाचे अडीच महिन्यांचे पिलू आले असून त्याला लसीचा एक डोस झाला आहे. पत्रलेखिका विचारतात: ‘घरगुती उपाय पूर्ण बंद करावेत का? दर वेळी दवाखान्यातच न्यावे का? आणि थांबायचे झाले तर किती वेळ थांबावे?’

उत्तर

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात त्या कंसापासूनच करतो. अंगदुखीवर आपण सहज घेतो त्या गोळ्या बहुधा डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा त्याच जातीच्या औषधांच्या असतात. दुखणे निर्माण करणारी रसायने शरीरात तयार होऊ न देणे हे त्यांचे काम. परंतु त्याच कुळातली रसायने जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करत असतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही सांभाळत असतात. कुत्र्याच्या शरीरात ही औषधे माणसाच्या मानाने अधिक काळ रेंगाळतात. तुम्हाला अर्धी गोळी किरकोळ वाटली, तरी १६ किलोच्या, आधीच उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गमावलेल्या आणि जठर रिकामे असलेल्या कुत्र्याला ती किरकोळ नसते. अशा वेळी जठरात व्रण पडून रक्त पाझरू शकते, आणि हे रक्त आतड्यातून पुढे सरकताना पचत जाते, म्हणून ते शौचातून लाल न दिसता डांबरासारखे काळे व चिकट दिसते. तुम्ही वर्णन केले आहे ते अगदी असेच.

मी मोत्याला तपासलेले नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगणार नाही. तरीही घटनांचा क्रम पाहता संशय जायफळावर नव्हे, तर त्या गोळीवर जातो. सहाणेवरचे चार-दोन वळसे म्हणजे जायफळाचा अगदी अल्प अंश. मोठ्या मात्रेत जायफळ कुत्र्याला विषारीच असते. त्याने कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो, हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते. यांपैकी कशाचाच उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तेव्हा सासूबाईंवर ठेवलेला आरोप मागे घ्यावा लागेल, असे मला वाटते. हे काम औषधाइतकेच तातडीचे आहे, कारण चिंगीकडे दिवसभर लक्ष ठेवणारे माणूस त्याच आहेत.

जायफळ या प्रकरणात निर्दोष असले, तरी बेंदराच्या वेळच्या यशाचे श्रेय मी त्याला देणार नाही. निरोगी, प्रौढ, लसीकरण झालेल्या कुत्र्याने भलतेसलते खाल्ल्यामुळे लागलेले जुलाब बहुतांश वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. त्या दोन-तीन दिवसांत आपण जे काही देतो, मग ते जायफळ असो, ओव्याचे पाणी असो, डाळिंबाची साल असो की दवाखान्यातली गोळी असो, ते गुणकारी ठरते. आम्ही पशुवैद्यही या भ्रमातून सुटलेलो नाही. जुलाब म्हटले की मेट्रोनिडॅझोलसारखे प्रतिजैविक लिहून द्यायची सवय आमच्यात अनेकांना होती आणि आजही काहींना आहे. साध्या जुलाबांत त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचे मात्र नुकसान होते, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. म्हणून तुमचा ‘घरगुती की डॉक्टर’ हा प्रश्न मला मुळातच थोडा बदलून घ्यावासा वाटतो. आजारी प्राणी किती वर्षांचा आहे, त्याच्या अंगातले पाणी किती कमी झाले आहे आणि जुलाबांच्या जोडीला आणखी काय दिसते आहे, या तीन गोष्टींवरून थांबायचे की निघायचे ते ठरते.

याआधी एक साधा प्रश्न राहून गेला आहे. पहिल्या वेळी बेंदूर होता, दुसऱ्या वेळी गौरीजेवण. दोन्ही तारखा तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत, पण मोत्याच्या पानात त्या दिवशी काय पडले होते, हे मात्र लिहिलेले नाही. सणाला बैलांबरोबर कुत्र्यालाही पुरणपोळी घालायची, तुपाची धार सोडायची, तळणीचे उरलेले त्यालाच द्यायचे, ही आपल्याकडची रीत प्रेमाचीच आहे. परंतु वर्षभर भाकरी-दूध खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एकाएकी एवढा स्निग्ध पदार्थ गेला, की जुलाब होतात, आणि कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते. ती आली की कुत्रा वारंवार ओकतो, खायला नाकारतो आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरतो, जणू साष्टांग नमस्काराच्या तयारीत आहे. ‘पोट आखडून बसत होता’ असे तुम्ही लिहिले आहे ते हेच असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. पुढच्या वेळी त्यांना तपासणीची दिशा मिळेल. दिवाळीच्या फराळात मोत्याला वाटेकरी करू नका. त्याला सणाचे काही द्यायचेच असेल, तर पुरणाऐवजी वाफवलेल्या लाल भोपळ्याच्या चार फोडी द्या. त्याला दोन्ही सारखेच.

आता घरी काय करावे ते सांगतो. घरगुती उपाय बंद करा असे मी म्हणणार नाही. त्यातले औषध कमी करा आणि शुश्रूषा वाढवा, असे म्हणेन. मोत्यासारख्या मोठ्या कुत्र्याला उलटी होत असेल, तर शेवटच्या उलटीनंतर सहा ते बारा तास अन्न देऊ नये. पाणी मात्र बंद करू नये. एकदम भांडेभर पाणी ठेवले तर तो घटाघटा पितो आणि लगेच ओकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने दोन-चार चमचे पाणी ताटलीत द्यावे किंवा बर्फाचा खडा चाटायला द्यावा. उलटी नसून केवळ जुलाब असतील, तर उपास घडवण्याचे काहीच कारण नाही. लंघनाने पोटाला विश्रांती मिळते हा आपला जुना समज आहे आणि पशुवैद्यकातही तो बराच काळ प्रमाण मानला जात होता; परंतु आतड्याच्या अस्तराचे पोषण आतून सरकणाऱ्या अन्नावरही होत असते, त्यामुळे थोडे आणि सोपे अन्न लवकर सुरू केलेले बरे, असे आता मानले जाते.

हे सोपे अन्न करायला सासूबाईंहून अधिक जाणते कोणी नसेल. भरपूर पाण्यात शिजवलेला गुरगुट्या भात दोन वाट्या आणि त्यात कातडी व हाडे काढून नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी एक वाटी, हे नेहमीचे प्रमाण. त्यात तेल, तिखट, फोडणी, कांदा-लसूण यांपैकी काही नको, मीठही नको. घरात मांसाहार होत नसेल, तर उकडलेले अंडे किंवा साय काढलेल्या दुधाचे घरी केलेले पनीर चालते. दिवसातून एकदा पोटभर वाढण्याऐवजी तेच अन्न चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. मोठा चमचाभर उकडून कुस्करलेला भोपळा त्यात मिसळला, तर त्यातल्या तंतूंमुळे मल बांधून यायला मदत होते. गोड, ताजे, बिनमिठाचे ताक थोड्या प्रमाणात चालते. दूध मात्र बंद ठेवावे, कारण दुधातली साखर पचवण्याची क्षमता अनेक मोठ्या कुत्र्यांत कमी असते आणि जुलाब चालू असताना ती आणखी घटते. शी घट्ट झाल्यावरही दोन दिवस हाच आहार चालू ठेवून, मग त्यात नेहमीचे खाणे तीन-चार दिवसांत हळूहळू मिसळत जावे. बरे वाटू लागल्याच्या पहिल्याच संध्याकाळी ‘बिचाऱ्याने तीन दिवस काही खाल्ले नाही’ म्हणून भाकरी आणि आमटी वाढली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तोच कुत्रा माझ्या दवाखान्यात पुन्हा येतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

क्षारसंजीवनीच्या पुडीतले पाणी कुत्र्याने आपणहून चाटले तर द्यायला हरकत नाही, फक्त ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवलेली असावी. अंदाजाने मीठ टाकून केलेले पाणी नको. आणि कोणतेही पाणी जबडा वर धरून घशात ओतू नये. अशक्त कुत्र्याच्या श्वासनलिकेत ते शिरले, तर जुलाबांऐवजी न्यूमोनियाशी झुंजावे लागते. द्यायचेच झाले, तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूने, थेंबाथेंबाने.

आपल्या स्वयंपाकघरातल्या काही वस्तू मात्र उपायांच्या यादीतून कायमच्या वगळायला हव्यात. पोटदुखीवर तुपात तळलेली लसूण देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे अलीकडे मानले जाते, आणि हेच आम्ल चिंचेत भरपूर असल्यामुळे चिंचेचे सार किंवा कोळही नको. काहीतरी विषारी खाल्ल्याच्या संशयाने उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे हा तर जीवघेणा प्रकार आहे, कारण रक्तातले मीठ एकाएकी वाढून मेंदूला इजा होते. आणि बाळगुटी. जायफळ, मुरडशेंग, वेखंड, अतिविष यांचे वळसे देऊन सासूबाईंनी तुमच्या मुलांना वाढवले असेल, त्यामुळे ‘लेकराला चालते ते पिलाला का नाही’ असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना इतकेच सांगा, की कुत्र्याचे यकृत माणसाच्या यकृतासारखे सगळे पदार्थ निकाली काढत नाही आणि दोन-तीन किलोच्या जिवाला किती वळसे चालतील याचा कोणताही आधार आपल्याजवळ नाही.

जुलाब थांबवणाऱ्या गोळीबद्दलही दोन शब्द. तिच्यात बहुधा असते ते लोपरामाइड आतड्याची हालचाल मंदावते. आतड्यात जंतू किंवा विष असेल, तर ते बाहेर टाकण्याचे काम त्यामुळे अडते, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांमध्ये हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणते. पशुवैद्य कधी कधी ते स्वतः देतात, पण वजन आणि कारण पाहून. पॅरासिटामॉल तर कुत्र्याला आपणहून कधीच देऊ नये, आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे अधिकच लक्षात ठेवावे: मांजराला एक गोळीही मारू शकते.

घरी थांबण्याचा काळ हा पाहण्याचा काळ असायला हवा. एक वही घ्या आणि त्यात वेळ, उलटी, शी, पाणी, अन्न आणि लघवी यांची नोंद करा. शी कशी आहे, यातून डॉक्टरांना बरेच कळते. थोडी थोडी, वारंवार, कुंथून होणारी, शेंबडासारखी आव पडणारी आणि शेवटी एखादी लाल रेघ असलेली शी बहुधा मोठ्या आतड्यातून येते. ती दिसायला भीतीदायक असली तरी कुत्रा हुशार असेल, तर एक दिवस पाहता येते. प्रमाणाने मोठी, पाण्यासारखी शी लहान आतड्यातून येते आणि तिच्यासोबत पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लाजू नका. आम्हा पशुवैद्यांच्या मोबाइलमध्ये असलेच फोटो भरलेले असतात.

अंगातले पाणी पाहण्याची पद्धत सोपी आहे. ओठ वर करून हिरडीला बोट लावा. ती ओलसर, बुळबुळीत लागली पाहिजे, कोरडी किंवा चिकट नव्हे. हिरडी बोटाने दाबून सोडली, की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. अनेक गावठी कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच जागेवर बसली पाहिजे. मात्र ही कातडीची खूण उशिरा दिसते: वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत पाणी कमी झाले तरी ती बहुधा काही सांगत नाही. हे सगळे आजच, कुत्रा धडधाकट असताना, करून पाहा, म्हणजे आजारपणात फरक ओळखता येईल. गुदद्वारातून मोजलेला ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटपर्यंत असेल, तर ते कुत्र्याचे नेहमीचे तापमान आहे. माणसाच्या मापाने त्याला ताप आला असे समजू नये.

मोत्याच्या बाबतीत तुम्ही घरी २४ तास थांबू शकता, पण तो पाणी पचवत असेल, शेपूट हलवत दारापर्यंत येत असेल, लघवी होत असेल आणि शीमध्ये एखाद्या लाल रेघेपलीकडे रक्त नसेल, तरच. काळी शी, जॅमसारखा लालभडक रक्ताचा ओघ, पाणीही न टिकणे, एका दिवसात चार-पाच उलट्या, पिवळे पडलेले डोळे किंवा हिरड्या, निपचित पडणे, यांपैकी काहीही दिसले तर २४ तासांची सवलत संपली. पावसाळ्यात पिवळेपणा आणि उलट्या एकत्र दिसल्या, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा हा आजार माणसांनाही होतो (२६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला आहे), म्हणून अशा कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत. अंगावर गोचिड्या असतील, तर तेही सांगावे. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि शीतून, नाकातून रक्त येऊ शकते. ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही आणि पोट ढोलासारखे फुगत चालले आहे, असे मोठ्या छातीच्या जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या कुत्र्यांत दिसले, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि मग सकाळची वाट पाहणे म्हणजे कुत्रा गमावणे होय.

कुत्र्याने काही गिळले आहे का, हेही आठवून पाहावे. आंब्याची कोय, शिजलेली हाडे, शिवणाचा दोरा यांनी आतडे अडते. पावसाळ्यात तर दाणे खाऊन रस्त्यावर टाकलेल्या मक्याच्या बुरकुंडाने अडलेली कितीतरी आतडी शस्त्रक्रियेने मोकळी करावी लागतात. अशा वेळी उलट्या होतात, शी मात्र कमी होत जाते, आणि कोणताही भात-भोपळा कामाला येत नाही.

चिंगीला मात्र वरचे २४ तास लागू नाहीत. पिलू म्हणजे छोट्या आकाराचा मोत्या नव्हे. तिचे वजन ३ किलो धरले, तर तिच्या वजनाच्या ५ टक्के पाणी म्हणजे १५० मिलिलिटर, आपल्या घरातला एक चहाचा कप. दोन उलट्या आणि तीन पातळ शींमध्ये एवढे पाणी निघून जाते. तिच्या यकृतात साखरेचा साठाही तुटपुंजा असतो, त्यामुळे मोत्याला चालेल असा बारा तासांचा उपास तिला घडला, तर रक्तातली साखर उतरून ती लटपटू लागेल, गार पडेल, प्रसंगी तिला झटके येतील. शी एखाद्या वेळी थोडी पातळ झाली आणि ती खेळत-खात असेल, तर साधे अन्न देऊन काही तास पाहावे. उलटी आणि जुलाब दोन्ही असतील, ती खायला नाकारत असेल किंवा एका कोपऱ्यात गप्प बसली असेल, तर त्याच दिवशी, त्याच वेळी निघावे. रात्र असेल तर रात्री.

यामागचे सर्वांत मोठे कारण पार्वो. १९७८च्या सुमारास हा विषाणू जगभरच्या कुत्र्यांमध्ये पसरला आणि तेव्हापासून पिलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत तो आहे. आतड्याच्या आतल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा यांवर तो एकाच वेळी हल्ला करतो, म्हणजे पिलाचे अन्न शोषण्याचे साधनही जाते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. प्रथम मरगळ येते, मग उलट्या, मग रक्तमिश्रित आणि एकदा हुंगली की विसरता न येणाऱ्या दुर्गंधीची हगवण. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिले दगावतात. लवकर सलाईन, उलटीवरचे औषध आणि जंतुसंसर्ग रोखणारे उपचार मिळाले, तर बरीचशी वाचतात. शीच्या नमुन्यावरची पार्वोची चाचणी अनेक दवाखान्यांत काही मिनिटांत होते. येथे ‘आधी दोन दिवस ताकभात देऊन पाहू’ हा निर्णय जायफळाहून कितीतरी घातक ठरतो, मग ते ताक कितीही चांगले असो.

चिंगीला एक डोस झाला आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पिलाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तेच लसीला काम करू देत नाही. ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिलात वेगळे, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून वयाचे १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. तोवर तिला रस्त्यावर, मैदानात किंवा अनोळखी कुत्र्यांच्या जागी सोडू नका. हा विषाणू मातीत अनेक महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ करून, एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून केलेले द्रावण दहा मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. जंतांचेही पाहा. पिलांना तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि मोठ्यांना साधारण दर तीन महिन्यांनी, वजनानुसार जंतनाशक द्यावे. माणसांच्या जंताच्या गोळीचा तुकडा मोडून नव्हे. पिलांच्या पोटातले काही जंत मुलांनाही बाधतात, म्हणून शी उचलल्यावर हात साबणाने धुवावेत.

तुमच्या पतींचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. पूर्वी कुत्र्यांना खरोखरच कोणी दवाखान्यात नेत नसे आणि पुष्कळ कुत्री बरी होत. पण जी बरी झाली तीच दारात दिसत राहिली आणि तीच आठवणीत राहिली; एका वेतात आठ पिले झाली आणि त्यातले एक जगले, तर सातांची गोष्ट कोण सांगणार? गवताचे म्हणाल, तर धडधाकट कुत्रीही आवडीने गवत खातात. ते आजाराचे निश्चित लक्षण नाही आणि त्यावरचे औषधही नाही. मोत्याने गवत खाल्ले म्हणून घाबरू नका, आणि खाल्ले म्हणून निश्चिंतही राहू नका.

एक इशारा येथेच देतो, कारण घरगुती उपाय करणारे हात याच वेळी धोक्यात येतात. ज्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नाही, त्याला एकाएकी गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये आणि काही पाजण्याचा प्रयत्न करू नये. त्याला एका जागी बंद करून पशुवैद्यांना बोलवावे. लाळेचा संपर्क आलाच असेल, तर ती जागा पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे.

खर्चाविषयी तुम्ही दबक्या स्वरात लिहिले आहे. ते मोकळेपणाने बोलण्यासारखे आहे. तालुक्याचे लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय तुमच्याच गावात असेल. तेथे गाई-म्हशींच्या कामाचा भार अधिक असतो, तरी तपासणी, सलाईन आणि लसीकरण यांसाठी तेथे आधी विचारावे. आजार गुंतागुंतीचा वाटला, तर तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्या रुग्णालयात प्राध्यापक मंडळी प्राण्यांना तपासतात. मुंबईच्या वाचकांना परळचे, १८८६ साली स्थापन झालेले महाविद्यालय परिचित असेल; नागपूर, परभणी आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. खासगी दवाखान्यात गेलात, तर ‘आज एवढे पैसे आहेत, यात सर्वांत आवश्यक काय?’ असे सरळ विचारावे. बहुतेक पशुवैद्य या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देतात. सलाईनचा आग्रह मात्र धरू नका. मागच्या वेळी सलाईनने उठला म्हणून प्रत्येक पातळ शीला सलाईन मागणे हे जायफळावरच्या श्रद्धेचेच दुसरे रूप झाले.

आणि रागावण्याविषयी. डॉक्टर रागावतीलही. आम्ही रागावतो, कारण दिवसातून चार वेळा तीच गोळी आमच्यासमोर येते. परंतु सांगितले नाही, तर नुकसान मोत्याचे होते: पोटात एक वेदनाशामक आधीच आहे हे ठाऊक नसताना डॉक्टरांनी दुसरे वेदनाशामक किंवा स्टेरॉइड टोचले, तर व्रण आणखी खोल जाऊ शकतो. जायफळ, ताक, गोळी, सारे काही वेळेसह लिहिलेली वही त्यांच्यासमोर ठेवावी. तोंडाने सांगणे जड जात असेल, तर वहीच बोलेल.

चिंगीचा पुढचा डोस तीन-चार आठवड्यांच्या आत येईल. त्या भेटीला मोत्यालाही सोबत न्या, त्या गोळ्यांची रिकामी पाकिटे घरात असतील तर तीही न्या, आणि दोन दिवसांत किती अर्धुके दिले ते सांगून मूत्रपिंडांसाठी रक्ततपासणी करावी का, असे विचारा. शक्य असेल तर सासूबाईंनाही बरोबर घ्या. हिरडी दाबून कशी पाहायची ते डॉक्टर त्यांना प्रत्यक्ष दाखवतील, आणि तुम्ही शाळेत असताना ते पाहायचे काम त्यांच्याकडेच येणार आहे.